डबा भंगारात जाण्याआधी लेबलचा फोटो

ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र बरेचदा अडतं ते कामापायी नव्हे, पुराव्यापायी. रंगकाम उरकतं, डबे भंगारात जातात आणि सहा महिन्यांनी विचारणा होते: प्रायमरमध्ये व्हीओसी (हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं) किती होतं?

१. रंग, प्रायमर, सीलंट, चिकटद्रव्य साइटवर उतरलं की तिथेच लेबलचा फोटो घ्या. व्हीओसीचा आकडा (ग्रॅम प्रति लिटर) आणि बॅच नंबर वाचता आला पाहिजे. झाकणावरचा धूळ-डाग आधी पुसा, आकडा नेमका त्याखाली सापडतो.

२. फोटोला लगेच नाव द्या: तारीख, मजला, माल. मालासोबत आलेल्या डिलिव्हरी चलनाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये.

३. राडारोड्याची गाडी वजनपावती आणि पोचपावती दिल्याशिवाय हिशोबात धरू नका. लोखंड, लाकूड, काँक्रीट वेगवेगळं लिहा. लीड (LEED) या ग्रीन बिल्डिंग प्रमाणपत्राच्या व्ही४ आवृत्तीमध्ये ५० किंवा ७५ टक्के कचरा डंपिंगऐवजी पुनर्वापराकडे वळवल्याचा हिशोब प्रकारानुसार मागतात.

हे काम स्टोअरकीपरकडेच द्या. माल पहिल्यांदा त्याच्याच हाती येतो, इंजिनिअरला नंतर डबा शोधत फिरावं लागतं.

एक जपा: कचऱ्याचा हिशोब वजनात सुरू केला तर शेवटपर्यंत वजनातच ठेवा. मध्येच घनमीटर आले की सगळा तक्ता पुन्हा मांडावा लागतो.