दोन काळांतल्या हेवीवेट बॉक्सरची काल्पनिक लढत: अंदाज कसा बांधावा

रविवारी सकाळी हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर फेऱ्या मारून मंडळी मिसळीला बसली की 'अली भारी की टायसन' हा विषय कधी ना कधी निघतोच. कोणी मार्सियानोचे ४९ पैकी ४९ विजय पुढे करतो, कोणी मोबाईलवर नॉकआउटचा दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवतो, आणि वाद जिथे सुरू झाला तिथेच संपतो. अंदाज नीट बांधायचा तर एक वही, दोघांच्या प्रत्येकी तीन पूर्ण लढतींचं चित्रण आणि चार-पाच तास लागतात. उदाहरण म्हणून इथे जो लुई विरुद्ध लेनॉक्स लुईस घेऊ. नावं सारखी आहेत, म्हणून पुढे लुई म्हणजे जो लुई आणि दुसऱ्याला नुसतं लेनॉक्स म्हणू.

आधी रात्र ठरवा

'अली' असं लिहू नका. '१४ नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टन, क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा अली' असं लिहा. साडेतीन वर्षांच्या बंदीनंतर १९७० मध्ये परतलेला अली पायांनी मंदावला होता. तो मार खाऊन जिंकायला शिकला. ही दोन वेगळी माणसं आहेत. टायसनचंही तसंच: २७ जून १९८८ ला स्पिंक्सला ९१ सेकंदांत पाडणारा टायसन आणि ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत डग्लसकडून हरलेला टायसन यांची सरासरी काढून काहीच हाती लागत नाही.

आपल्या उदाहरणात लुई २२ जून १९३८ चा, म्हणजे श्मेलिंगला १२४ सेकंदांत पाडलेल्या रात्रीचा. लेनॉक्स ११ नोव्हेंबर २००० चा, डेव्हिड तुआला बारा फेऱ्या जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ झटपट ठोशावर, लांब ठेवणारा.

नियम लिहून काढा

महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता समोरासमोर येतात. अंतिम कुस्ती कशावर, हे आधी ठरलेलं असतं म्हणूनच निकालाला अर्थ असतो. २०२० मध्ये नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने ती गदा जिंकली तेव्हाही तसंच होतं. बॉक्सिंगमध्ये 'माती की गादी' हा प्रश्न मुख्यतः फेऱ्यांचा आहे. जेतेपदाच्या लढती १९८० च्या दशकात १५ वरून १२ फेऱ्यांवर आल्या. १८ जून १९४१ ला बिली कॉन १२ फेऱ्यांनंतर लुईच्या पुढे होता आणि तेराव्या फेरीत पडला. २३ सप्टेंबर १९५२ ला मार्सियानो तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉटच्या मागे होता. त्यानेही तेराव्यातच वॉलकॉटला झोपवलं. आजच्या नियमात लुई आणि मार्सियानो दोघेही आपापल्या रात्री हरले असते.

ज्या नियमात दोघांचाही दम सिद्ध झालेला आहे तोच नियम घ्या. लेनॉक्स १५ फेऱ्या कधी लढला नाही, लुई पूर्ण १५ फेऱ्यांपर्यंत लढला. म्हणून १२ फेऱ्या, आजचे १० औंसांचे ग्लोव्हज, आणि समोरचा पडला की तटस्थ, म्हणजे दोघांपैकी कुणाचाही नसलेल्या, कोपऱ्यात जायचं. ही शेवटची अट डेम्प्सीचा विचार करताना विसरू नका. १९१९ मध्ये तो पडलेल्या विलर्डच्या डोक्याशी उभा राहायचा आणि तो उठता उठता पुन्हा मारायचा. आज ते चालणार नाही.

वजन

लुई ६ फूट दीड इंच, पोहोच (दोन्ही हात पसरल्यावरची लांबी) ७६ इंच, त्या रात्री सुमारे ९० किलो. लेनॉक्स ६ फूट ५ इंच, पोहोच ८४ इंच, तुआविरुद्ध ११३ किलो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली: 'आजचा खुराक मिळाला असता तर लुई १०५ किलोचा झाला असता.' असं करू नका. त्याने त्या दिवशी काट्यावर जे भरलं तेच त्याचं वजन. तुम्ही वाढवलेल्या पंधरा किलोंसोबत त्याचा हात किती मंदावेल, पाय किती जड होतील, हे तुम्हाला ठाऊक नसतं. दुसरी चूक: जड माणूस जिंकणार असं धरून चालणं. डेम्प्सीने सुमारे ८५ किलोंवर १११ किलोंच्या विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. डिसेंबर २०२४ मध्ये उसिकने साधारण २५ किलोंनी जड असलेल्या फ्युरीला दुसऱ्यांदा हरवलं.

वजन ठोशापेक्षा क्लिंचमध्ये, म्हणजे समोरच्याला धरून ठेवताना, जास्त काम करतं. मोठा माणूस मानेवर हात टाकून अंगाचा भार देतो आणि सहा-सात फेऱ्यांत समोरच्याचे खांदे व पाय थकवतो. म्हणून वहीत 'वजन' असं नुसतं लिहू नका. 'धरतो का, आणि धरून भार देतो का' असं लिहा. लेनॉक्स दोन्ही करतो.

चित्रण बघणं: इथेच सगळे चुकतात

खरी मेहनत इथे आहे. निवडक ठोशांचे तुकडे बघून बांधलेला अंदाज टाकून द्या. त्या तुकड्यांत ठोसा कुठे बसला तेवढंच दिसतं. तो बसावा म्हणून आधीचे वीस सेकंद काय चाललं होतं, ते कापलेलं असतं, आणि तुम्हाला तेच हवं आहे.

प्रत्येकाच्या तीन लढती निवडा: एक हार, एक कष्टाने काढलेला विजय, आणि एक अशा प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जो तुमच्या काल्पनिक प्रतिस्पर्ध्याच्या बांध्याला जवळचा आहे. लुईसाठी श्मेलिंग १९३६ (बाराव्या फेरीत हार), कॉन १९४१ आणि साडेसहा फुटांच्या आसपासचा कार्नेरा १९३५. लेनॉक्ससाठी रहमान २००१ (पाचव्या फेरीत हार), रे मर्सर १९९६ आणि होलिफिल्डविरुद्धची नोव्हेंबर १९९९ ची लढत. दणदणीत विजय मुद्दाम वगळले आहेत. सगळं मनासारखं चाललेलं असताना सवयी लपतात.

आवाज बंद करा. समालोचक ज्याच्या बाजूने बोलतो त्याचे हुकलेले ठोसेही बसल्यासारखे वाटतात. मग प्रत्येक लढतीतली पहिली, एक मधली आणि एक शेवटाकडची फेरी घ्या, आणि ती तीनदा बघा.

पहिल्या वेळी फक्त पाय. पडद्याचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका. दबाव आला की बॉक्सर सरळ मागे जातो की बाजूला वळतो? सरळ मागे गेला की एक रेघ मारा. फेरी संपली की रेघा मोजा. पुठ्ठा बालिश वाटेल, पण तो नसला की डोळा ठोशांच्या मागे जातो आणि पाय दिसतच नाहीत.

दुसऱ्या वेळी, अर्ध्या वेगाने, जॅब टाकल्यावर डावा हात कुठे परत येतो तेवढंच बघा: गालाशी की छातीखाली? १९३६ मध्ये श्मेलिंगने हेच टिपलं होतं. लुईचा जॅब परत येताना खाली घसरायचा, आणि श्मेलिंगच्या उजव्या हाताच्या ठोशाने त्या फटीतून चौथ्या फेरीत त्याला पहिल्यांदा पाडलं. दोन वर्षांनी लुईने श्मेलिंगला वेळच दिला नाही. पण डिसेंबर १९४७ मध्ये वॉलकॉटने त्याला दोनदा खाली बसवलं, तेही उजव्यानेच. वय झालं होतं हे खरं, पण जुनी सवय पुरती सुटलेली नव्हती हेही खरं.

तिसऱ्या वेळी मार बसल्यानंतरचे पाच सेकंद. धरतो, पळतो की उलट मारतो? लुई पडतो आणि उठतो: ब्रॅडॉक, गॅलेंटो, दोघांनीही त्याला पाडलं आणि दोघेही हरले. लेनॉक्स हनुवटी वर ठेवून सरळ मागे जातो, आणि पाठीला दोर लागल्यावर तिथेच टेकतो. रहमानचा उजवा तसाच बसला. १९९४ मध्ये मॅकॉलचाही उजवाच होता.

जुन्या चित्रणाबद्दल दोन ताकिदी. जॉन्सन, डेम्प्सी यांच्या मूकपटाच्या काळातल्या फिती आजच्या वेगाने लावल्या तर माणसं उड्या मारल्यासारखी दिसतात. ०.७५ वेगाने लावा, तरीही थोडं जलदच दिसेल. आणि त्या काळी बहुधा एकाच बाजूने चित्रण व्हायचं, त्यामुळे बरगड्यांवरचे ठोसे पाठीआड जातात. दिसला नाही म्हणजे मारला नाही, असं लिहू नका.

दोघांपैकी एक डावखुरा असेल, जसा उसिक, तर पुढचे पाय एकमेकांत अडकतात आणि दुसऱ्या वेळच्या नोंदी उलट्या लावाव्या लागतात. जुना बॉक्सर कधी डावखुऱ्याशी लढला होता का, ते शोधा. अलीसाठी सप्टेंबर १९६६ ची मिल्डेनबर्गरविरुद्धची लढत आहे. बाराव्या फेरीपर्यंत चालली, आणि अली तिथे नेहमीसारखा मोकळा दिसत नाही.

जोड्या लावा

आता वहीत वाक्यं लिहा, प्रत्येकाला तीन भाग: याची सवय, त्याचं हत्यार, आणि ते हत्यार त्याने खरोखर कुणावर चालवलं त्याचा पुरावा. तिसरा भाग रिकामा राहिला की वाक्य खोडा.

'लुईचा डावा घसरतो. लेनॉक्सचा लांब उजवा वरून येतो. १९९२ मध्ये रडॉकवर आला.' राहिलं. 'लेनॉक्स दोराला टेकतो, लुई सहा इंचांतून मारतो, कार्नेरावर मारलं.' राहिलं. 'लेनॉक्सच्या जॅबला मधून जाणारा जॅब अडवतो. मर्सरने, उंचीने लुईएवढ्याच माणसाने, ते करून दाखवलं.' हे अर्धंच राहतं, कारण पुरावा मर्सरचा आहे, लुईचा नाही. शिवाय मर्सर खूप जड होता. 'लुई फिरणाऱ्याला कोपऱ्यात गाठतो' हे खोडावं लागतं. कॉन स्वतः थांबून ठोसे मारायला लागेपर्यंत लुईला तो सापडला नव्हता.

'अमक्याने तमक्याला हरवलं, म्हणून' हे वाक्य वहीत येऊच देऊ नका. फोरमनने जानेवारी १९७३ मध्ये फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं आणि मार्च १९७४ मध्ये नॉर्टनलाही दुसऱ्याच फेरीत संपवलं. याच फ्रेझर आणि नॉर्टनने अलीला हरवलेलं होतं. त्या हिशोबाने किन्शासात फोरमन सहज जिंकायला हवा होता. अलीने त्याला आठव्या फेरीत झोपवलं.

संगणकावरही भिस्त नको. १९६७ च्या रेडिओवरच्या संगणकी स्पर्धेत अलीला जुन्या काळच्या जेफ्रीजकडून हरवलं गेलं आणि अलीने खटला भरला. पुढे अशाच संगणकी लढतीसाठी अली आणि निवृत्त मार्सियानो यांच्या लुटुपुटूच्या फेऱ्या प्रत्यक्ष चित्रित झाल्या. अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला, पण वेगळ्या शेवटांचंही चित्रण केलेलं होतं. यंत्रात जे मत भरलं जातं तेच बाहेर येतं.

निकाल लिहिणं

कोण, कसा, कोणत्या फेऱ्यांत, आणि टक्के पाचाच्या पटीत. दोघेही खरे जगज्जेते असतील तर ७० च्या वर जाऊ नका.

आपल्या उदाहरणाचं पान असं: लेनॉक्स ६०, लुई ४०. पहिल्या चार फेऱ्या लुईच्या सर्वांत चांगल्या, कारण लेनॉक्स तेव्हा अंतर मोजत असतो आणि हनुवटी उघडी असते. लुई जिंकला तर सहाव्याच्या आत, दोराशी, उजव्याने. पाचव्यापासून क्लिंचमधला भार आणि लेनॉक्सची आठ इंच जास्तीची पोहोच काम करू लागते. लेनॉक्स जिंकला तर नवव्या-दहाव्यात किंवा गुणांवर. पंच क्लिंच लगेच सोडवणारा असेल तर ५०–५०.