पोरांना आधी मागे बघायला शिकवा
आठवी-नववीच्या पोरांना सायकल येते हो, वाड्यावर फिरवून हात बसलेला असतो, पण तीच पोरं पणजीत १८ जून रोडवर आली की गटाराला चिकटून चालवतात आणि वळायचं असलं की मागे न बघताच वळतात. म्हणून त्यांना रस्त्यावर सायकल चालवायला शिकवताना पहिले दोन दिवस ग्राउंडच्या बाहेर पडू नका.

चुन्याने २० मीटरची सरळ रेघ मारा. पोर रेघेवरून सायकल चालवणार, तुम्ही मागे उभं राहून बोटं वर करायची आणि हाक मारायची, त्याने उजव्या खांद्यावरून मागे बघून किती बोटं ते ओरडून सांगायचं. सोप्पं वाटतं ना? मान वळली की हँडलही उजवीकडे वळतं आणि रस्त्यावर उजवीकडेच गाड्या असतात. आमच्या बॅचमधली एक मुलगी, सगळ्यात फास्ट चालवणारी, पहिल्या दिवशी पाच वेळा रेघ सोडून गेली. डावा कोपर थोडा सैल ठेव म्हटल्यावर जमलं. हे जमलं की मगच हात दाखवून वळणं.

ब्रेक सुक्यात शिकवून भागत नाही, जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय असतं माहितीय. रिमवर बादलीभर पाणी ओता आणि लावायला सांगा ब्रेक, सायकल किती पुढे जाऊन थांबते ते पोरंच पावलांनी मोजतील. दोन्ही ब्रेक एकदम पण हळू, नुसता पुढचा कचकन दाबला तर तोंडावर.

मग रविवारी सकाळी सातला पणजीतच कांपाल ते मिरामार, चार-चारच्या गटाने. पार्क केलेल्या गाड्यांपासून मीटरभर लांब, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही. थांबलेल्या बसच्या डावीकडून घुसायचं नाही म्हणजे नाही, कंडक्टर तिथूनच उडी मारतो. आणि काळ्या प्लेटवर पिवळे नंबर दिसले की समजा भाड्याची गाडी, पर्यटक मॅप बघत चालवतोय, तो वाटेल तिथे वळणार, जाऊ द्या त्याला पुढे.

कसं चालवायचं हे दाखवायला मी पोदेराचंच, म्हणजे आपल्या गोव्यात सायकलवरून पाव विकणाऱ्याचंच उदाहरण देतो. पाठीमागे पावांची एवढी मोठी टोपली, तरी एका लाइनीत, एका स्पीडने, वळणाआधी पों-पों. मागच्याला कळतं हा कुठे चाललाय.

स्कूटरऐवजी सायकलने शाळेत गेलं तर किती पेट्रोल वाचतं, ते गणित मात्र पोरांनाच करू द्या. शाळा ३ किलोमीटर, जाऊन-येऊन ६, वर्षाचे २०० दिवस म्हणजे १२०० किलोमीटर, स्कूटरचं अॅव्हरेज ४५ धरलं तर २७ लिटरच्या आसपास. भाषणापेक्षा हे जास्त लागतं, आईबाबांनाही.

शेवटचा तास पंक्चरचा. ट्यूब पाण्यात बुडवा, बुडबुडे दिसले तिथे खूण, कोरडं करून घासा, सोल्युशन लावा आणि लगेच पॅच चिकटवू नका, चार-पाच मिनिटं थांबा. हे थांबणंच पोरांना जमत नाही, तेवढ्यात त्यांना टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायला लावा, नाहीतर घरी पोचेपर्यंत परत पंक्चर.