नव्या उपकरणाचा खर्च: मकरपुऱ्यात नव्याने लागलेल्यांसाठी

बडोद्याच्या कलाभवनातून (इंजिनिअरिंग कॉलेजातून) बाहेर पडून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या कंपनीत डेव्हलपमेंटला लागलात, की शेठ लवकरच विचारतात, "किती खर्च येईल?" एकच आकडा सांगू नका. तो त्यांच्या डायरीत गेला की खोडला जात नाही.

मी ट्रान्सफॉर्मरवर बसणारी मॉनिटरिंगची उपकरणं करतो. प्रत्येक कामाचे तीन आकडे काढतो: सगळं सुरळीत गेलं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि बिघडलंच तर. समजा 4, 6 आणि 14 लाख. पर्ट पद्धतीने मधल्याला चौपट वजन देऊन बेरजेला सहाने भागलं की 7 येतात, 6 नव्हे. (पद्धत मुळात वेळेच्या अंदाजासाठीची, पण पैशालाही चालते.) नव्या कामात खर्च कमी व्हायला जागा थोडी, वाढायला मोकळं रान.

खरी फसगत टेस्टिंगमध्ये. एर्डा या विजेच्या उपकरणांची तपासणी करणाऱ्या संस्थेची लॅब इथेच मकरपुऱ्यात, त्यामुळे टेस्टिंग म्हणजे नुसती फी असं वाटतं. पण सॅम्पल नापास झालं तर पीसीबी (सर्किट बोर्ड) बदला, नवे सॅम्पल बनवा, पुन्हा नंबर लावा, पुन्हा फी भरा. आणि तोवर सगळ्यांचे पगार चालूच. म्हणून अंदाजात प्रत्येक महत्त्वाच्या टेस्टमागे एक रिटेस्ट धराच. शेठ कुरकुरतील. कुरकुरू द्या. सॅम्पल पाठवण्याआधी आपल्याच ओव्हनमध्ये तापवून आणि पाण्याचा फवारा मारून बघा. ढोबळ चुका तिथेच सापडतात.

उपकरणाच्या पेटीसाठी मोल्डची (साच्याची) घाई नको. डिझाइन ठरेपर्यंत थ्रीडी प्रिंट किंवा पत्र्याची पेटी चालते. स्टीलच्या मोल्डमधून धातू कोरून काढणं सोपं. जास्त कोरलेलं भरायचं तर वेल्डिंग आणि परत मशिनिंग. म्हणून शंका असेल तिथे भाग आधी पातळच ठेवा. मोल्ड आणखी कोरला की भाग जाड होतो.

सुट्या भागांचे दर हजार नगांचे धरू नका, पहिले नग वीसच घ्यायचे असतात.

काम सुरू झाल्यावर अकाउंट्सच्या कागदावर विसंबू नका. तिथे येतं ते फक्त चुकतं केलेलं बिल. ऑर्डर दिलेला, अजून न आलेला माल त्यात दिसत नाही. मी त्याची वेगळी वही ठेवतो आणि महिन्याअखेरी "किती गेले?" याऐवजी "पुरं करायला अजून किती लागतील?" हे नव्याने मांडतो.