हर्नियाची जाळी बसवताना या चुका टाळा

जांघेतला हर्निया परत आला म्हणून उघडावा, तर बहुतेक वेळा फट एकाच ठिकाणी सापडते: आतल्या कोपऱ्यात, प्यूबिक ट्यूबरकलपाशी, म्हणजे जांघेच्या आतल्या टोकाला हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापाशी. लिक्टेन्स्टाइन पद्धत (जांघ उघडून कमकुवत भिंतीवर जाळी शिवायची) सोपी, म्हणून सगळे शिकतात. आणि सोपी म्हणूनच नेमकी तिथे घाई करतात.

कुडाळकडचा एक चिरेखाणीवरचा कामगार आला होता. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं. ‘डॉक्टरानू, जाळी घातलेली ना, मगे गाठ परत कशी इली?’ उघडलं तर जाळी शाबूत, टाके शाबूत. फक्त जाळी ट्यूबरकलपाशीच संपलेली आणि पलीकडे अंगठा जाईल एवढी वाट मोकळी. जाळी ट्यूबरकलच्या पुढे दीड ते दोन सेंटिमीटर गेलीच पाहिजे. पहिला टाका हाडावरच्या रेक्टस शीथमध्ये (पोटाच्या उभ्या स्नायूच्या आवरणात) घ्या, पेरिऑस्टियममध्ये (हाडाच्या आवरणात) नको. नाहीतर पेशंट ‘दुखतंय’ म्हणत वर्षानुवर्षं येत राहतो. आणि जाळी ताणून बसवू नका. टेबलावर आडवा असलेला माणूस उद्या उभा राहणार आहे, चिरे उचलणार आहे. मी ती थोडी सैलच ठेवतो. जागा बधिर करून ऑपरेशन असेल तर शिवण्याआधी पेशंटला खोकायला लावतो. दोन मिनिटं जातात, जाऊ देत.

एका जाळीचे दोन तुकडे करून दोघांना वापरायची काटकसर मला अजिबात पटत नाही. दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी वापरून दाखवलीच आहे. पैसे वाचवायचे तर तिथे वाचवा, मापात नको.

इलिओइंग्वायनल नर्व्ह, म्हणजे जांघेची संवेदना नेणारी नस, एक्स्टर्नल ऑब्लिकच्या (पोटाच्या सगळ्यात बाहेरच्या स्नायूच्या) थराच्या लगेच खाली असते. आधी शोधा, मग कात्री चालवा.

बाईच्या जांघेत गाठ असेल तर फेमोरल कॅनॉल (मांडीच्या शिरेशेजारची वाट, तिथूनही हर्निया येतो) तपासल्याशिवाय बंद करू नका.

साधी पॉलिप्रॉपिलीनची (प्लास्टिकच्या धाग्याची) जाळी आतड्याला लागू देऊ नका.

लॅपरोस्कोपीची (दुर्बिणीच्या ऑपरेशनची) घाई झालेल्या नवशिक्यांना मी आधी उघड्या ऑपरेशनमध्ये कूपर्स लिगामेंट (प्यूबिक हाडाच्या कडेवरचा घट्ट पट्टा) बोटाने दाखवायला सांगतो. निम्मे तिथेच अडकतात.

पोटाच्या मधल्या छेदातून येणारा हर्निया तर आपणच तयार करतो. मोठमोठे टाके घालून पोट पटकन मिटवायची सवय मोडा. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या स्टिच चाचणीत कडेपासून 5 मिलिमीटरवर आणि 5 मिलिमीटर अंतराने छोटे टाके घातले, तेव्हा वर्षभरात हर्निया झालेल्यांचं प्रमाण 13 टक्के होतं. मोठ्या टाक्यांत 21 टक्के. धागा जखमेच्या लांबीच्या किमान चौपट लागला पाहिजे. मी उरलेला धागा मोजतो, सिस्टर हसतात.

राहता राहिले ‘गणपतीच्या आधी उरकून टाका’ म्हणणारे मुंबईचे चाकरमानी. रात्री चारदा लघवीला उठणाऱ्या, कुंथणाऱ्या माणसाला मी तारीख देत नाही. आधी प्रोस्टेट दाखवा, खोकला असेल तर तो बरा करा, मग या.