टेक्सासमधील तेल-वायू लीज : सही करण्यापूर्वी या चुका टाळा

ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियोच्या आसपास स्थायिक झालेल्या काही मराठी कुटुंबांनी शहराबाहेर जमिनी घेतल्या आहेत आणि त्यांच्यापैकी एखाद्याला तेल कंपनीच्या लँडमनचे, म्हणजे जमीनमालकांशी लीजची बोलणी करणाऱ्या प्रतिनिधीचे, पत्र आले की तो माझ्याकडे कागद घेऊन येतो, पण बहुधा सही झाल्यानंतर. एकरी बोनसचा, म्हणजे सहीबद्दल एकदाच मिळणाऱ्या रकमेचा, आकडा तेवढा वाचून झालेला असतो. या घाईचा मला मनस्वी त्रास होतो, कारण तिची किंमत पुढच्या पिढीलाही मोजावी लागते.

जमिनीखालचे तेल आपलेच आहे, असे गृहीत धरू नका. भारतात तेल-वायूचा पट्टा सरकार देते आणि रॉयल्टी, म्हणजे उत्पादनातील मालकाचा हिस्साही सरकारला मिळतो. टेक्सासमध्ये हा हक्क खासगी असतो, मात्र तो जमिनीपासून वेगळा विकता येतो. पूर्वीच्या एखाद्या विक्रेत्याने तो स्वतःकडे राखून ठेवलेला असू शकतो, म्हणून काउंटी क्लार्कच्या कार्यालयातील जुनी खरेदीखते आधी पाहावीत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘तीन वर्षांची लीज’ तीन वर्षांत संपेल असे मानणे. ती मुदत केवळ पहिली असते. त्यानंतर किफायतशीर उत्पादन चालू आहे तोवर लीज चालूच राहते. कार्न्स काउंटीतील माझ्या परिचयाच्या एका दांपत्याने दोनशे एकरांवर छापील मसुद्याला जशीच्या तशी सही दिली. कंपनीने त्यांपैकी कोपऱ्यातले जेमतेम तीस एकर शेजाऱ्यांच्या जमिनींबरोबर एका युनिटमध्ये, म्हणजे एकत्रित उत्पादन-क्षेत्रात घेतले आणि विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत खोदली. रॉयल्टी त्या तीस एकरांच्या हिश्श्यापुरती मिळू लागली, पण त्या एका विहिरीच्या उत्पादनामुळे उरलेले एकशेसत्तर एकरही लीजखाली अडकून पडले. पुढे दुसऱ्या कंपनीने परिसरात कितीतरी चांगला भाव दिला, तेव्हा या दोघांना तिच्याशी बोलणी करण्याचाही मार्ग उरला नव्हता. लुइझियानातील प्यू नावाच्या वकिलाने १९४७ साली यावर उपाय म्हणून कलम लिहिले, ते आजही ‘प्यू क्लॉज’ म्हणून ओळखले जाते. पहिली मुदत संपल्यावर युनिटबाहेरची जमीन त्यामुळे मोकळी होते. मी त्यात जमिनीखाली किती खोलवरचा थर लीजमध्ये राहील याची अटही घालते, कारण कार्न्समध्ये ईगल फोर्ड या तेलाच्या थराच्या वरच ऑस्टिन चॉकचा थर आहे आणि एका थरातील विहिरीने दुसरा थर अडवून ठेवण्याचे काही कारण नाही. हे कलम मागितल्यावर लँडमन नाराज होईल म्हणून गप्प बसणारे लोक मला समजत नाहीत.

दुसरी चूक रॉयल्टीची. एकरी पाचशे डॉलर जादा बोनस म्हणजे शंभर एकरांवर एकदाच मिळणारे ५०,००० डॉलर. पण तुमच्या वाट्याच्या दर १० लाख डॉलरच्या उत्पादनामागे एक अष्टमांश रॉयल्टीने १,२५,००० आणि एक चतुर्थांशाने २,५०,००० डॉलर होतात. शिवाय वायू गोळा करणे, त्याचा दाब वाढवणे, तो शुद्ध करणे आणि वाहून नेणे या खर्चांची वजावट या रकमेतून होऊ शकते. वजावट करू नये एवढेच लिहून भागत नाही. हेरिटेज रिसोर्सेस विरुद्ध नेशन्सबँक या खटल्यात १९९६ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने वजावट मान्य केली, कारण त्या लीजमध्ये वजावटीला मनाई असली तरी रॉयल्टी ‘विहिरीपाशी असलेल्या बाजारभावाने’, म्हणजे विहिरीपुढचे खर्च वजा जाऊन उरणाऱ्या भावाने, ठरणार होती. ‘विहिरीपाशी’ हा शब्द दिसेल तिथे मी खोडते आणि त्रयस्थ ग्राहकाकडून मिळालेल्या एकूण विक्रीमूल्यावर रॉयल्टी मागते.

मसुद्यावर ‘प्रोड्यूसर्स ८८’ असे छापलेले असले म्हणजे तो सर्वमान्य नमुना आहे, असा समज करून घेऊ नका. त्या नावाखाली एकमेकांपासून अगदी वेगळे मसुदे फिरतात.

मालकी हक्काची हमी देणारे कलम काढून टाकायला सांगा, नाहीतर जुन्या दस्तातील दोषाचा भार तुमच्यावर येतो.

बोनस म्हणून हाती येणारा कागद पुष्कळदा चेक नसून ड्राफ्ट असतो आणि कंपनीने मालकी तपासून मान्य केल्यावरच त्याचे पैसे मिळतात. सही केलेली लीज मात्र त्याआधीच काउंटीत नोंदवली जाऊ शकते, म्हणून पैसे खात्यात जमा होईपर्यंत मूळ दस्त वकिलाकडेच ठेवावा.