क्लेमची तयारी: आधी नोटीस, मग बाकीचं

बांधकामाच्या कंत्राटात क्लेम म्हणजे अडथळ्यापोटी कंत्राटदाराने मागितलेली मुदतवाढ किंवा जादा पैसे. त्यासाठी करारनामा वाचा, हे वेगळं सांगायला नको. फक्त विशेष अटी आधी वाचा, कारण मुदती बहुतेक वेळा तिथेच बदललेल्या असतात. वाचताना एक आकडा मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर चिकटवा: घटनेनंतर किती दिवसांत नोटीस द्यायची. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या रेड बुकात (बांधकामाच्या नमुना करारात) हे कलम २०.१ मध्ये आहे, २०१७ च्या आवृत्तीत २०.२ मध्ये. दोन्हीकडे २८ दिवस, आणि तेही घटना कळली किंवा कळायला हवी होती तेव्हापासून. तुमच्या करारात चौदाच असतील. बघून घ्या.

मी इथेच चुकलो. पुलाच्या दोन पायांची जागा आम्हाला अकरा आठवडे ताब्यात मिळाली नाही. साइट डायरीत रोज नोंद होती, दर मीटिंगच्या मिनिट्समध्ये विषय होता, बिनकामाची उभी असलेली पायलिंग रिग (पायासाठी जमिनीत खोल भोकं पाडणारं यंत्र) येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होती. सगळ्यांना माहीत आहे, मग पत्र लिहून संबंध कशाला बिघडवायचे, असं वाटलं. काम संपताना तीन फायली भरून क्लेम दिला. उत्तर एका ओळीचं आलं: मुदतीत नोटीस नाही. आतले हिशेब कुणी तपासलेही नाहीत.

म्हणून नोटीस द्या. मिनिट्स म्हणजे नोटीस नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज म्हणजे नोटीस नव्हे. ‘बघू, शेवटी अ‍ॅडजस्ट करू’ हे तोंडी आश्वासन तर नव्हेच. २०१७ च्या फिडिकमध्ये पत्रावर ते ‘नोटीस’ असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं. तुमच्या करारात तशी अट नसली तरी लिहा. मजकुराला अर्धं पान पुरतं: काय घडलं, कधी, कोणत्या कलमाखाली, मुदतवाढ हवी की पैसे की दोन्ही. रक्कम आत्ता लागत नाही. रक्कम काढत बसण्यातच २८ दिवस निघून जातात. करारात दिलेल्या पत्त्यावरच पाठवा आणि पोच घ्या. पोच नसेल तर नोटीस दिली हे सिद्ध कसं करणार?

नोंदी त्याच दिवशी करा. ‘रिग आयडल’ एवढ्या दोन शब्दांचा उपयोग नाही. कोणती रिग, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कशामुळे, ऑपरेटर आणि हेल्पर दुसऱ्या कामावर हलवले का, हलवले तर कुठे, हे सगळं हवं. शेवटचा मुद्दा टाळू नका. समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो. शक्य तिथे इंजिनिअरच्या, म्हणजे मालकाच्या वतीने करार सांभाळणाऱ्याच्या, माणसाची सही घ्या. फोटोवर तारीख हवी.

प्रोग्रॅम, म्हणजे कामाचं वेळापत्रक, दर महिन्याला अपडेट करा. जागा उशिरा मिळाली म्हणजे मुदतवाढ मिळालीच असं नाही. ते काम क्रिटिकल पाथवर होतं, म्हणजे ते लांबलं की सगळा प्रकल्प लांबतो, हे दाखवावं लागतं, आणि ते घटनेच्या आधीच्या अपडेटवरूनच पटतं. त्याच काळात आपलाही उशीर झाला असेल तर तो लपवू नका, वेगळा काढून दाखवा. समोरच्याने तो शोधून काढला तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

खर्च प्रत्यक्ष झालेला दाखवा, आणि ज्या महिन्यांत अडथळा होता त्याच महिन्यांचा. प्रकल्पाच्या शेवटच्या, वाढलेल्या महिन्यांचा नव्हे. हेड ऑफिसच्या खर्चासाठी हडसनचं सूत्र (करारातल्या टक्केवारीवरून उशिराच्या काळाचा खर्च काढणारं) वापरणार असाल तर दुसरं काम त्यामुळे हातचं गेल्याचे कागद जोडा. सगळी कारणं एकत्र करून एकच मोठा आकडा मागू नका.

तपशीलवार क्लेमला १९९९ च्या आवृत्तीत ४२ दिवस, २०१७ च्या आवृत्तीत ८४. परिणाम चालूच असेल तर दर महिन्याला अंतरिम क्लेम. बेरजा दुसऱ्याकडून तपासून घ्या. अनुक्रमणिका, पाननंबर, प्रती. परिशिष्ट एक म्हणजे नोटिशीची पोच.

मध्येच ड्रॉइंग बदललं? ती वेगळी घटना. तिची वेगळी नोटीस, आणि तिचे दिवस ड्रॉइंग हातात आलं तेव्हापासून मोजायचे.