वाटी, कप आणि ग्रॅमचा घोळ: या चुका टाळा

वाटीने मोजण्यात काही चूक नाही हे आधीच सांगते. दोन वाटी रवा, दीड वाटी साखर असं सगळं एकाच वाटीने घेतलं की वाटी लहान असो नाहीतर मोठी, लाडू होतातच. घोळ होतो अर्धं सामान वाटीने आणि अर्धं ग्रॅममध्ये घेतल्यावर, म्हणजे बटरचं १०० ग्रॅमचं पाकीट अख्खं टाकायचं आणि मैदा मात्र आमटीच्या वाटीने घ्यायचा, मग नानकटाई पसरून पापड झाली की ओव्हनला शिव्या.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एक कप म्हणजे २४० ग्रॅम धरणं. अहो, ते फक्त पाण्याचं! त्याच २४० मिलीच्या कपात मैदा साधारण १२० ते १२५ ग्रॅम बसतो, साखर २००, बटर २२५ च्या आसपास, मध तर ३४० पर्यंत जातो. म्हणून प्रत्येक जिन्नसाचा आकडा वेगळा काढायचा.

माझा स्वतःचा किस्सा, बेसनाच्या लाडवांना २०० ग्रॅम साखर हवी होती, मी म्हटलं एक कप झाला आणि डब्यातली पिठीसाखर कपभर घातली. पिठीसाखर कपात १२० ग्रॅमच बसते ना, लाडू असे फिके झाले की मुलांनी "आई, साखर विसरलीस का" विचारलं.

मैद्याचं अजून एक. कप पिशवीत खुपसून दाबून भरला की तोच कप १५० ग्रॅमपर्यंत जातो, मग केक कोरडा आणि घट्ट. चमच्याने हलकं भरा, वर सुरीने सपाट करा, कप आपटू नका.

आणि कोणाचा कप तेही बघा. अमेरिकन कप साधारण २४० मिली, ऑस्ट्रेलियन २५०, राइस कुकरसोबत येतो तो बहुतेक १८० चा. घरातला चहाचा कप कशातच बसत नाही. ऑस्ट्रेलियन रेसिपीत टेबलस्पूनसुद्धा २० मिलीचा असतो, आपण १५ चा धरतो. तेलाचंही तसंच, एक लिटरची पिशवी म्हणजे किलो नाही, ९१० ग्रॅमच्या आसपास.

चकलीची भाजणी करताना ही चूक हमखास होते. तांदूळ, डाळी वाटीने मोजून गिरणीत दिल्या, पीठ आलं आणि पाण्याचा हिशोब मात्र धान्याच्या वाट्यांवर. दळल्यावर वजन तेवढंच राहतं पण पीठ फुगतं, वाट्या वाढतात, त्यामुळे पाणी कमी पडतं आणि चकली पाडताना तुटते. पीठ परत मोजा, तेही त्याच वाटीने.

आपली वाटी किती मिलीची हे कळायला काटा असला की झालं. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं, जितके ग्रॅम तितके मिली. काट्यावरच संशय असेल तर दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, साधारण ७७ ग्रॅम यायला हवेत. यीस्ट, सोडा असल्या चिमूटभर गोष्टींना मात्र साधा किचनचा काटा वापरू नका, दोनतीन ग्रॅमला तो काहीही दाखवतो, तिथे ५ मिलीचा मापाचा चमचाच बरा.